भूभौतिकीय संशोधन-साहित्य

भौतिकीची तत्त्वे व मापनपद्धती यांच्या साहाय्याने पृथ्वीचे अंतरंग, कवच, जलावरण, वातावरण आणि चुंबकीय क्षेत्र यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रास भूभौतिकी म्हणतात. या शास्त्रात नव्याने प्रसिद्ध होणारे शोधनिबंध, वेधशाळांची निरीक्षणे, भूकंपनोंदींची परिपत्रके, अहवाल, नकाशे व आधारसामग्री यांना एकत्रितपणे भूभौतिकीय संशोधन-साहित्य असे म्हणता येते. हे साहित्य सतत नजरेखाली ठेवणे, त्यात नवे काय आले व जुन्यापैकी काय त्याज्य ठरले हे ओळखणे आणि त्याचा अभ्यासात व व्यवहारात उपयोग करणे, हे संशोधकाच्या कामाचे एक आवश्यक अंग आहे. धरणे, पूल, इमारती, विहिरी व पर्जन्य यांच्याशी या शास्त्राचा निकटचा संबंध असल्याने अभियंते, प्रशासक व शिक्षक यांनाही या साहित्याची दखल घ्यावी लागते.

रसायनशास्त्रातील प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा करून पाहता येतो; भूकंप मात्र एकदाच होतो व त्याची नोंदही एकदाच घेता येते. नोंदी त्याच राहतात, परंतु त्यांचे अर्थ लावण्याच्या पद्धती सुधारत जातात. त्यामुळे एकाच घटनेवर तीस-चाळीस वर्षे निबंध प्रसिद्ध होत राहतात आणि पहिल्या निबंधातील निष्कर्ष शेवटच्या निबंधात टिकतोच असे नाही. सोलापूर हे याचे उदाहरण म्हणून घेण्याजोगे स्थळ आहे. हे शहर दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्ट थरांवर वसलेले असून त्याच्या पूर्व-ईशान्येस सु. ८० किमी.वर किल्लारी आणि पश्चिमेस सु. २३० किमी.वर कोयना ही दोन भूकंपक्षेत्रे आहेत. शिवाय हा जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. म्हणून भूकंप, भूजल व पर्जन्य या तिन्ही विषयांवरील नवे संशोधन येथील लोकांच्या जीवनाशी प्रत्यक्ष निगडित आहे.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत भूभौतिकीचे स्वतंत्र नियतकालिक नव्हते. पृथ्वीविषयीची निरीक्षणे सर्वसाधारण विज्ञानसंस्थांच्या कार्यवृत्तांत व वेधशाळांच्या वार्षिक खंडांत छापली जात. १८८७ मध्ये जर्मनीत ‘बायट्रेगे त्सुर गेओफिझीक’ हे नियतकालिक सुरू झाले. अमेरिकेत १८९६ मध्ये ‘टेरेस्ट्रियल मॅग्नेटिझम’ हे भूचुंबकत्वाला वाहिलेले नियतकालिक निघाले. तेच १९४९ पासून ‘जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च’ या नावाने प्रसिद्ध होऊ लागले. अमेरिकेच्या भूकंपवैज्ञानिक संस्थेचे बुलेटिन १९११ पासून, तर समन्वेषण भूभौतिकीला वाहिलेले ‘जिओफिजिक्स’ हे नियतकालिक १९३६ पासून निघत आहे. १९६० नंतर भूपट्ट सांरचनिकीचा उदय झाला आणि ‘टेक्टोनोफिजिक्स’ (१९६४), ‘अर्थ अँड प्लॅनेटरी सायन्स लेटर्स’ (१९६६) व ‘जिओफिजिकल रिसर्च लेटर्स’ (१९७४) यांसारख्या नियतकालिकांची भर पडली.

भारतात या साहित्याची परंपरा मुंबईपासून सुरू होते. कुलाबा येथील वेधशाळेची स्थापना १८२६ मध्ये झाली व तेथे १८४० नंतरच्या दशकात चुंबकीय निरीक्षणे नियमितपणे घेतली जाऊ लागली. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार व त्यामुळे सूक्ष्म चुंबकीय मापनांत व्यत्यय येणार, हे ध्यानात घेऊन १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. नानाभाई मूस या कुलाबा वेधशाळेच्या पहिल्या भारतीय संचालकांनी १८४६–१९०५ या काळातील निरीक्षणांचे संकलन करून ते १९१० मध्ये प्रसिद्ध केले. १९७१ मध्ये या परंपरेतून भारतीय भूचुंबकत्व संस्था ही स्वायत्त संस्था निर्माण झाली.

देशातील अन्य नियतकालिकांत बंगलोर येथून १९३२ पासून निघणारे ‘करंट सायन्स’, भारतीय हवामान खात्याचे १९५० मध्ये सुरू झालेले ‘इंडियन जर्नल ऑफ मीटिऑरॉलॉजी अँड जिओफिजिक्स’ (१९७९ पासून ‘मौसम’), भारतीय भूवैज्ञानिक संस्थेचे १९५९ पासूनचे जर्नल आणि भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्ताचा भूविज्ञानविषयक विभाग (आता ‘जर्नल ऑफ अर्थ सिस्टिम सायन्स’) यांचा उल्लेख केला पाहिजे. हैदराबाद येथे १९६१ मध्ये राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था स्थापन झाली. दक्षिण ट्रॅपखालील कवचाविषयीच्या निबंधांपैकी मोठा भाग या संस्थेतील शास्त्रज्ञांनी लिहिलेला आहे.

साहित्याचे प्रकार : या साहित्याचे स्थूलमानाने चार स्तर पडतात. पहिला स्तर आधारसामग्रीचा. यात भूकंपालेख, चुंबकीय व गुरुत्वीय मापने, पर्जन्यनोंदी, विंधन-विवरांतून काढलेले खडकांचे नमुने इत्यादींचा समावेश होतो. जगभरच्या भूकंपनोंदी एकत्र करण्याचे काम १९१८ सालापासूनच्या भूकंपांसाठी आंतरराष्ट्रीय भूकंप-सारसंग्रहाने केले व १९६४ मध्ये स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय भूकंपवैज्ञानिक केंद्र ते पुढे चालवीत आहे. दुसरा स्तर प्राथमिक शोधनिबंधांचा होय. तज्ञांनी परीक्षण केल्यानंतर नियतकालिकात छापलेला निबंध हे विज्ञानातील प्रमाण मानले जाणारे लेखन आहे. मात्र परीक्षण झाले म्हणजे निष्कर्ष सिद्ध झाला, असा त्याचा अर्थ नाही. तिसऱ्या स्तरात सारांश-नियतकालिके, निर्देशसूची व समालोचनपर लेख येतात. चौथा स्तर पाठ्यपुस्तके, मानके, संहिता व कोश यांचा असून त्यांत बऱ्याच अंशी स्थिर झालेले ज्ञान असते. ज्ञान पहिल्या स्तरापासून चौथ्यापर्यंत पोहोचण्यास पुष्कळदा दहा-वीस वर्षे लागतात. हा विलंब जेथे जीविताशी संबंधित असतो, तेथे त्याचे परिणाम गंभीर होतात.

कोयना : या विलंबाचे एक बोलके उदाहरण कोयनेच्या इतिहासात सापडते. अमेरिकेत बोल्डर (हूव्हर) धरणाचा मीड जलाशय भरू लागल्यावर त्या परिसरात भूकंपाचे धक्के जाणवू लागले. जलाशयाचा भार व भूकंप यांच्या संबंधाची चर्चा करणारा डी. एस. कार्डर यांचा निबंध अमेरिकेच्या भूकंपवैज्ञानिक संस्थेच्या बुलेटिनमध्ये १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले व त्यानंतर लवकरच परिसरात धक्के जाणवू लागले. खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्राने तेथे भूकंपमापक बसविले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ६·३ महत्तेचा भूकंप होऊन सु. २०० माणसे मृत्युमुखी पडली. तोपर्यंत द्वीपकल्पाचा हा भाग भूकंपदृष्ट्या जवळजवळ निर्धोक समजला जात होता. भूकंपानंतर जगातील अनेक शास्त्रज्ञांचे लक्ष कोयनेकडे वेधले गेले आणि १९६८ पासून तिच्याविषयीच्या निबंधांचा ओघ सुरू झाला. हर्ष गुप्ता व बी. के. रस्तोगी यांचा धरणे व भूकंप यांवरील इंग्रजी ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कोयना हे जलाशय-प्रेरित भूकंपाचे जगातील प्रमुख उदाहरण ठरले.

एखाद्या दूरच्या देशातील निबंधावरून आपल्या धरणाजवळ केव्हा व केवढा भूकंप होईल हे सांगता आले नसते, हे उघड आहे. परंतु मोठ्या जलाशयाजवळ भूकंपमापक आधीपासून असावेत व बांधकामात अधिक दक्षता घ्यावी, एवढा बोध अशा निबंधांतून निश्चित मिळतो. कोयनेवरील संशोधन अद्याप चालू आहे. २०१६-१७ मध्ये गोठणे येथे सु. ३ किमी. खोलीचे विंधन-विवर घेण्यात आले. त्यात बेसाल्टाची जाडी सु. १,२५० मी. असून त्याखाली ग्रॅनाइटी खडक असल्याचे आढळले. विवरातून मिळालेल्या नमुन्यांवर व मापनांवर आधारलेले निबंध त्यानंतर प्रसिद्ध होत आले आहेत.

किल्लारी : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास तत्कालीन लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर झालेल्या भूकंपात किल्लारी, सास्तूर व आसपासची अनेक गावे उद्ध्वस्त झाली. जवळजवळ आठ हजार माणसे मृत्युमुखी पडल्याची शासकीय नोंद आहे. काही निबंधांत हा आकडा दहा हजारांच्या आसपास दिलेला आढळतो. सोलापूर शहरातही हा धक्का तीव्रतेने जाणवला. त्याआधीच्या वर्षी, १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, किल्लारी परिसरात लहान धक्क्यांची मालिका होऊन गेली होती.

या घटनेवरील साहित्याचा क्रम पाहिल्यास संशोधनाची वाटचाल स्पष्ट होते. १९९४ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक संस्थेने लातूर भूकंपावर एक स्वतंत्र स्मृतिग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात क्षेत्रनिरीक्षणे, अनुकंपांच्या नोंदी, चुंबकी-विद्युत् सर्वेक्षण इ. विषयांवरील पहिले निष्कर्ष होते. १९९६ मध्ये दोन भिन्न मते जवळजवळ एकाच वेळी छापली गेली. लिओनार्डो सीबर व त्यांचे सहकारी यांनी भूकंपाचे केंद्र अत्यंत उथळ असल्याचे दाखवून, हा विभंग नवाच निर्माण झाला असावा काय, असा प्रश्न उपस्थित केला. याउलट सी. पी. राजेंद्रन, कुसला राजेंद्रन व बीजू जॉन यांनी कँब्रियनपूर्व कवचातील जुना विभंग पुन्हा हलला असल्याचे मत मांडले. १९९९ मध्ये राजेंद्रन दांपत्याने किल्लारीच्या वायव्येस सु. ५० किमी.वरील तेर या प्राचीन नगराच्या अवशेषांतील विरूपणांकडे लक्ष वेधले व या प्रदेशात सु. १,५०० वर्षांपूर्वीही भूकंप झाला असण्याची शक्यता वर्तविली.

हा वाद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. विभंग नवा असेल, तर असा भूकंप ट्रॅपखाली कोठेही होऊ शकतो व भूकंपक्षेत्राच्या नकाशात एका गावाभोवती सीमा आखण्यात फारसा अर्थ उरत नाही. विभंग जुना असेल, तर बेसाल्टाखाली दडलेले असे विभंग गुरुत्वीय, चुंबकीय व विद्युत् पद्धतींनी शोधून काढणे हे पहिले कर्तव्य ठरते. निम्न तेरणा जलाशयाचा या भूकंपाशी संबंध असावा काय, यावरही मतभेद झाले. जलाशय लहान असल्याने अनेकांनी हा संबंध गौण मानला. सोलापूर, धाराशिव किंवा कलबुर्गी येथे राहणाऱ्या माणसाला यांपैकी कोणत्या मताकडे पुरावा झुकतो, हे जाणून घेण्याचे कारण आहे.

राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारी येथे ६१७ मी. खोलीचे विंधन-विवर घेतले. त्यात बेसाल्टाची जाडी ३३८ मी. भरली. त्याखाली सु. ८ मी. जाडीचा गाळखडकांचा थर व त्याच्या खाली आर्कीयन काळातील स्फटिकी खडक लागले. प्रारंभी या तळखडकांचे वर्णन ग्रॅनाइट व पट्टिताश्म असे करण्यात आले. २०१० नंतरच्या काही निबंधांत मात्र त्याच नमुन्यांची घनता व त्यांतील लवचिक तरंगांचे वेग मोजून, ते कवचाच्या मध्यभागातील अँफिबोलाइट व ग्रॅन्युलाइट प्रतीचे रूपांतरित खडक असल्याचे मांडण्यात आले. असे असेल, तर या ठिकाणी कवच पूर्वी बरेच उचलले जाऊन वरचा भाग झिजून गेला असला पाहिजे. विवर घेतल्यानंतर अनेक वर्षांनी हा निष्कर्ष पुढे आला. ज्याने पहिल्या अहवालावरच वाचन थांबविले असेल, त्याच्या मनात किल्लारीखालील भूरचनेचे चित्र अपुरे राहील.

संहिता व नकाशे : भारतीय मानक संस्थेने (आताचे भारतीय मानक ब्यूरो) भूकंपरोधक अभिकल्पाची संहिता १९६२ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. कोयनेच्या भूकंपानंतर १९७० मध्ये तिच्यातील विभागनकाशा बदलण्यात आला व कोयना परिसर वरच्या विभागात घालण्यात आला. किल्लारी परिसर मात्र सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागातच राहिला. १९९३ च्या भूकंपानंतर, २००२ च्या आवृत्तीत, पहिला विभाग रद्द करून तो दुसऱ्यात विलीन करण्यात आला आणि किल्लारी परिसराचा समावेश तिसऱ्या विभागात झाला. त्या आवृत्तीत सोलापूरही तिसऱ्या विभागात दाखविलेले आहे. घटना व नकाशातील बदल यांत नऊ वर्षांचे अंतर पडले. या अवधीत ज्या अभियंत्याने नवे निबंध वाचले, त्याला संहितेची वाट न पाहता आपल्या कामात सुधारणा करता येणे शक्य होते.

खंडांचे अंतर्भाग स्थिर मानले गेले असले, तरी तेथेही विध्वंसक भूकंप होतात, हे ए. सी. जॉन्स्टन व एल. आर. कँटर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये १९९० मध्येच सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिले होते. मातीत रचलेल्या दगडी भिंती व त्यांवर मातीचा जड थर असलेले माळवद ही मराठवाडा व सोलापूर भागातील जुन्या घरांची पद्धत होय. उन्हाळ्यात थंडावा देणारी ही घरे भूकंपात जीवघेणी ठरली. कारण भिंतीचे आतले व बाहेरचे पदर एकमेकांपासून सुटून कोसळले. भिंतीच्या पूर्ण जाडीतून जाणारे आरपार दगड घालावेत, छताच्या पातळीला भिंतींना बांधून ठेवणारा पट्टा असावा, यांसारखे उपाय अभियांत्रिकीय साहित्यात आधीच नोंदलेले होते. अल्पबलाच्या दगडी व विटांच्या बांधकामासाठी भारतीय मानक ब्यूरोची मार्गदर्शक तत्त्वेही १९९३ मध्येच निघाली. गवंड्यापर्यंत मात्र हे ज्ञान पोहोचलेले नव्हते. छापलेले ज्ञान आणि वापरातले ज्ञान यांत केवढी दरी असू शकते, हे यावरून दिसून येते.

मागोवा घेण्याची साधने : निबंधांची संख्या वाढू लागल्यावर प्रत्येक नियतकालिक स्वतः चाळणे अशक्य झाले व सारांश-नियतकालिके निघाली. अमेरिकेत १९२९ पासून ‘जिओफिजिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स’ प्रसिद्ध होऊ लागले. ते प्रथम खाण खात्यामार्फत व नंतर भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यामार्फत १९७१ पर्यंत निघत होते. सोव्हिएट रशियात भूभौतिकीचे सारांश देणारे ‘रेफेरातिव्नी झुर्नाल’ निघू लागले. भारतात १९५२ मध्ये दिल्ली येथे राष्ट्रीय वैज्ञानिक प्रलेखन केंद्राची स्थापना झाली व १९६५ पासून ‘इंडियन सायन्स ॲब्स्ट्रॅक्ट्स’ प्रसिद्ध होऊ लागले. मुफसल महाविद्यालयातील प्राध्यापकाला या केंद्रास पत्र लिहून एखाद्या परदेशी निबंधाची प्रत मागविता येई.

यूजीन गारफील्ड यांनी १९६० नंतरच्या दशकात सुरू केलेल्या विज्ञान-उद्धरण निर्देशसूचीमुळे एक नवी सोय झाली. निबंधाच्या शेवटी दिलेल्या संदर्भांवरून वाचकाला मागे जाता येते. परंतु त्या निबंधाचा पुढे कोणी आधार घेतला किंवा कोणी त्याचे खंडन केले, हे समजत नाही. उद्धरणसूचीमुळे पुढच्या काळाकडे जाता येऊ लागले. उदा., किल्लारीवरील १९९६ च्या दोन निबंधांपैकी कोणताही एक घेऊन त्याला उद्धृत करणारे निबंध क्रमाने पाहिल्यास संपूर्ण वादाचा इतिहास थोड्या वेळात डोळ्यांसमोर येतो.

संगणक व आंतरजाल यांच्या प्रसारानंतर ही साधने पालटली. २००० पासून प्रत्येक निबंधास कायम ओळख-क्रमांक देण्याची पद्धत रूढ झाली. नियतकालिकांच्या नव्या अंकांची अनुक्रमणिका, ठराविक विषयशब्द असलेले निबंध किंवा विशिष्ट निबंधाला उद्धृत करणारे नवे लेखन यांची सूचना वाचकाकडे आपोआप पाठविली जाते. आंतरराष्ट्रीय भूकंपवैज्ञानिक केंद्राने एकेका भूकंपाशी त्यावरील निबंध जोडणारी सूची तयार केली आहे. परीक्षणापूर्वीच निबंधाची पूर्वप्रत सर्वांसाठी खुली करण्याची प्रथा भौतिकीत १९९१ पासून व भूविज्ञानांत प्रामुख्याने २०१७ नंतर रुळली. पूर्वप्रतींमुळे नवे विचार लवकर कळतात. परंतु त्यांवर परीक्षणाचा संस्कार झालेला नसतो, हे वाचकाने विसरता कामा नये.

वाचनाची पद्धत : सर्व निबंध वाचणे कोणालाच शक्य नसते. म्हणून प्रथम आपले क्षेत्र आखून घ्यावे लागते. सोलापुरातील अभ्यासकाला ‘दक्षिण ट्रॅप’, ‘किल्लारी’, ‘कोयना’, ‘स्थिर भूखंडीय भूकंप’, ‘बेसाल्टातील भूजल’ व ‘पर्जन्यछाया’ अशा पाच-सहा विषयशब्दांनी आपले क्षेत्र बरेचसे व्यापता येते. एकाच स्थळाची नावे निरनिराळी लिहिली जातात, याचेही भान ठेवावे लागते. १९९३ चा भूकंप साहित्यात लातूर, किल्लारी व लातूर-किल्लारी अशा तिन्ही नावांनी आढळतो. एकाच नावाने शोध घेणाऱ्याला निम्मे साहित्य सापडत नाही. निबंधांचे शीर्षक व सारांश वाचून निवड करावी. निवडलेल्या निबंधातील आकृत्या, मापनपद्धती व त्रुटीची मर्यादा आधी पाहावी आणि निष्कर्षाकडे त्यानंतर वळावे. वाचलेल्याची टिपणे तारखेनुसार ठेवल्यास मतांत होत गेलेला बदल ध्यानी येतो.

आकड्यांची तुलना करताना विशेष दक्षता आवश्यक असते. किल्लारीच्या भूकंपाची महत्ता निरनिराळ्या निबंधांत ६·१ पासून ६·४ पर्यंत दिलेली आढळते. यात कोणी चूक केली आहे असे नसून पिंडतरंग, पृष्ठतरंग व भूकंपीय परिबल यांवर आधारलेल्या मापनश्रेणी वेगवेगळ्या आहेत. महत्ता व तीव्रता यांची गल्लतही वारंवार होते. महत्ता ही भूकंपाच्या उगमापाशी मुक्त झालेल्या ऊर्जेशी संबंधित व एका भूकंपास एकच असते, तर तीव्रता ही विशिष्ट स्थळी जाणवलेल्या परिणामांवरून ठरते व अंतरानुसार बदलते. निबंध संपादकाकडे आल्याची, स्वीकारल्याची व प्रसिद्ध झाल्याची अशा तारखा बहुतेक नियतकालिके देतात. कोणत्या निरीक्षणांपर्यंतचा विचार लेखकाने केला आहे हे त्यांवरून कळते. शुद्धिपत्रे, टीकात्मक टिपणे व लेखकांची उत्तरे वाचणे आणि निबंध मागे घेतला गेला आहे काय हे पाहणे, हीदेखील याच शिस्तीची अंगे आहेत.

परस्परविरोधी निबंध एकत्र वाचण्याची गरज दक्षिण ट्रॅपच्या कालनिर्णयावरून स्पष्ट होते. १९८६ मध्ये व्हँसाँ कुर्तियो व सहकाऱ्यांनी पुराचुंबकीय व किरणोत्सर्गी पुराव्यांवरून हे उद्रेक क्रिटेशस कल्पाच्या अखेरीस अल्पावधीत झाल्याचे प्रतिपादन केले. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकाच्या एकाच अंकात याविषयी दोन निबंध आले. ब्लेअर शेने व सहकाऱ्यांनी युरेनियम-शिसे पद्धतीने उद्रेकांचे चार आवेग दाखविले व त्यांपैकी एक महाविलोपनाच्या लगेच आधीचा मानला. कोर्टनी स्प्रेन व सहकाऱ्यांनी अर्गॉन-अर्गॉन पद्धतीने लाव्ह्याचा बहुतांश भाग विलोपनानंतरचा ठरविला. दोहोंपैकी केवळ एकच निबंध वाचणाऱ्याचा ग्रह एकांगी होईल, यात शंका नाही. सोलापूरच्या पायाखालील काळ्या पाषाणाचे वय सु. ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपासचे आहे, यावर मात्र दोन्ही गटांचे सर्वसाधारण एकमत आहे.

जुने साहित्यही टाकाऊ नसते. २ सप्टेंबर १८५९ रोजीच्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद कुलाबा वेधशाळेत झाली होती. ब्रूस त्सुरुतानी, जी. एस. लाखिना, एस. ॲलेक्स इत्यादींनी २००३ मध्ये तिचे नव्याने विश्लेषण करून क्षेत्राच्या क्षैतिज घटकात सु. १,६०० नॅनोटेस्ला घट झाल्याचे दाखविले. पुढील निबंधांत तासाची सरासरी घेतल्यास ही घट बरीच कमी भरते, असेही दाखविण्यात आले. विद्युत् जाल व कृत्रिम उपग्रह यांना असणाऱ्या धोक्याचा अंदाज बांधण्यास जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीची ही नोंदवही उपयोगी पडली.

पर्जन्य व भूजल : पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने मेघ, वायुकलिल व पर्जन्यवृद्धी यांविषयीच्या आपल्या दीर्घ प्रयोगाचा चौथा टप्पा २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर येथे पार पाडला. निवडलेल्या मेघांपैकी काहींत विमानातून आर्द्रताग्राही कण सोडण्यात आले व काही तुलनेसाठी तसेच ठेवण्यात आले. प्रयोगाचे परीक्षित निष्कर्ष अमेरिकेच्या वातावरणवैज्ञानिक संस्थेच्या बुलेटिनमध्ये २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. बीजारोपणाच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेने सु. १०० चौ. किमी. क्षेत्रात पर्जन्यात सरासरी सु. १८ टक्के व काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत वाढ आढळली. योग्य प्रकारचे मेघ उपलब्ध असतील तरच हे शक्य आहे. निरभ्र आकाशातून पाऊस पाडता येतो, असा याचा अर्थ नाही. अवर्षणाच्या वर्षी ‘कृत्रिम पावसा’विषयी मोठ्या अपेक्षा बाळगल्या जातात. त्या वेळी मूळ निबंधातील या अटी ठाऊक असणे शेतकरी व प्रशासन या दोघांच्याही हिताचे आहे. भूजलाच्या बाबतीतही हेच लागू पडते. बेसाल्टातील पाणी मुख्यतः अपक्षीण थर, भेगा व दोन लाव्हाप्रवाहांमधील सच्छिद्र भाग यांत साठते. विद्युत् रोधकता मापनाने असे थर ओळखण्याच्या पद्धती सतत सुधारत आहेत आणि त्यांची माहिती नसल्यास कोरड्या विंधनविहिरींवर शेतकऱ्याचा पैसा व्यर्थ खर्च होतो.

उपलब्धता : परदेशी नियतकालिकांच्या भारी वर्गणीमुळे जिल्ह्याच्या ठिकाणच्या वाचकाला हे साहित्य दीर्घकाळ दुर्मिळ होते. सोलापूर विद्यापीठाची (आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ) स्थापना २००४ मध्ये झाली व त्यात भूशास्त्राच्या अध्यापनाची सोय आहे. केंद्र शासनाच्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेनुसार जानेवारी २०२५ पासून शासकीय उच्च शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था यांना तीस प्रकाशकांची सु. १३,००० नियतकालिके वाचण्याची सुविधा देण्यात आली. यामुळे साहित्य हाती येण्याची अडचण पुष्कळशी दूर झाली असून निवड व मूल्यमापन यांची अडचण अधिक जाणवू लागली आहे.

हे साहित्य प्रामुख्याने इंग्रजीत आहे. मराठीत १९२८ पासून निघणारे ‘सृष्टिज्ञान’ मासिक, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका व कोशवाङ्मय यांनी त्यातील काही भाग वाचकांपर्यंत पोहोचविला आहे. अमुक दिवशी भूकंप होणार, अशा अफवा १९९३ नंतर या भागात अनेकदा पसरल्या. भूकंपाचे स्थळ, वेळ व महत्ता यांचे नेमके भाकीत करण्याची कोणतीही विश्वसनीय पद्धत अद्याप सिद्ध झालेली नाही, ही संशोधन-साहित्यातून निष्पन्न होणारी साधी गोष्ट गावातील शिक्षकास व ग्रामसेवकास माहीत असेल, तर भीतीने घराबाहेर रात्री काढण्याची पाळी लोकांवर येत नाही. त्याऐवजी भिंतीत आरपार दगड व छताखाली पट्टा घालण्याकडे त्यांचे लक्ष वळविता येते.